मुकुंदवाडीत खवळलेला समुद्र

मुकुंदवाडी स्टेशनात काकासाहेब गाडीची वाट बघत बसले होते. त्याच बाकड्यावर मल्हारी धनगर आणि त्याची बायको बानाबाई मोबाइलवर हवामानाचा अंदाज ऐकत होते. त्यांचा मुलगा भिकन रत्नागिरीकडं मासेमारीच्या बोटीवर कामाला होता, आणि वादळ सुटल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता.

"आता काय म्हणतेत?" बानाबाईनं विचारलं.

"वादळ गेलं म्हणतेत. पण समुद्र खवळलेलाच राहणार."

"वादळ गेल्यावर कशाला खवळायचं?"

"तू नाय का, पाव्हणे गेल्यावर खवळती."

"पोराला आधी काही सांगायचं होतं."

"सांगितलं की. म्हणलं, वारं सुटलं की वाऱ्याकडं पाठ करून खाली बसायचं. आपली मेंढरं तसंच करतेत."

"आवं, पण बोट खाली बसली तर?"

"तेच तर रातीपासून डोस्क्यात घोळतंय."

तेवढ्यात फोन वाजला.

"भिकनचा नाय. नंबर दुसराच हाय."

"उचला की."

"तू उचल."

"माझा हात थरथरतोय."

"माझा काय झोपलाय का? पाव्हणं, तुमीच ऐका बरं. वाईट असलं तर आमाला दमादमानं सांगा."

काकासाहेबांनी नाइलाजानं फोन कानाला लावला.

"बाबा? भिकन बोलतोय. माझा फोन भिजला. बोट लागली बंदराला, समदे नीट हाओत."

नवराबायको काकासाहेबांच्या तोंडाकडं बघत होते.

"लई बेस झालं रे लेकरा," काकासाहेब म्हणाले. "थांब, आईला देतो."