‘श्री’ नावाचं फोल्डर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक आदरणीय हौशीराम आप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती सुलक्षणाताई, केंदूरहून आलेली त्यांच्या घरची मंडळी आणि शिफ्ट संपवून थेट इथं येऊन बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

दमलेल्या माणसाला बोलायला उभं केलंत. ऐकताना कुणाला डुलकी लागली तर मला राग येणार नाही.

ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम सांभाळणाऱ्या ताई आज निवृत्त होतायत. त्यांच्याबद्दल किती सांगू? गेल्या दिवाळीआधीचंच सांगतो. आपला ड्रायव्हर पप्पू, त्याचा ट्रक माल घेऊन परराज्यातल्या कंपनीच्या गेटवर उभा होता. तपासणीचे कागद त्यांच्या सर्व्हरवर पोचल्याशिवाय गेट उघडणार नव्हतं. माल परत आला असता तर ते काम गेलं असतं, आणि त्या कामावर इथली निम्मी घरं चालतात.

कागद तयार होते. पण फोल्डर पाठवलं की उत्तर यायचं, जागा सापडत नाही. आम्ही पासवर्ड बदलला, केबल बदलली, नेटवाल्याला बोल लावला. सुटी फाईल मुकाट जायची, अख्खं फोल्डर अडायचं. आणि फायली तर हजारो!

ताईंनी आतलं एक फोल्डर पाठवून बघितलं. ते गेलं. म्हणजे अडत होतं ते सगळ्यात बाहेरचं. त्याचं नाव ‘श्री’. दसऱ्याला पूजा करून आप्पांनी स्वतः टाइप केलेलं. समोरचा सर्व्हर इंग्रजीशिवाय नाव घेत नव्हता. बाहेरचं फोल्डरच तिकडं तयार होईना, मग आतल्या फायलींना जागा कुठून मिळणार?

आता आप्पांना सांगणार कोण? मीही हात जोडल्याशिवाय मशीन चालू करत नाही. मी केबिनच्या दाराशीच थांबलो. ताई मात्र सरळ केबिनमध्ये गेल्या.

आप्पा, चुकलो तर दुरुस्त करा. आपण म्हणालात, “देवाचं नाव पुसून माल पाठवायचा व्हय?”

“पुसायचं कशाला, आप्पा? श्री हितंच राहू द्या. त्याच्या आत जाऊन समदी फोल्डरं निवडते आन् तेवढीच पाठवते. लेकरं बाहेरगावी निघाली म्हणून देव्हारा कुणी संगं देतं का?”

 मग आप्पा म्हणाले, “न्हाई देत. पाठव, बाई.”

एकामागून एक फोल्डरं गेली. पप्पूचा फोन आला, “साहेब, उघडलं एकदाचं गेट! आता जेवू का?” इकडं कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

ताईंच्या खुर्चीवर उद्या कुणीतरी बसेल, कामही शिकेल. पण आप्पांपुढं जाऊन बोलणार कोण? आम्ही सगळे दाराबाहेर उभे राहणारे. म्हणून अध्यक्षांना एकच विनंती: आप्पा, उद्यापासून ते दार जरा उघडं ठेवा.

ताई, देव तुम्हाला निवांतपणा देवो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर दमलेल्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. नमस्कार.