भैरवी न म्हणता गेलेला नत्थू

देवाशपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. बरं, एक गोष्ट सोडून.

मोहाडीत शास्त्रीय गाणं ऐकणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा दोस्त नत्थू. रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमचा रागांच्या नावांचा खेळ चाले. चहा पाणचट निघाला की नत्थू म्हणे, "हा तं जलधर केदार आहे गा!" टपरीवाल्याच्या हातून कप फुटला की मी म्हणे, "तोडी!" साखर जास्त पडायला लागली की दोघंही ओरडायचो, "बस, काफी!"

मैफल भैरवीनं संपते, त्यानंतर कोणी गात नाही. म्हणून आमचाही नियम होता: दोघांतल्या एकानं 'भैरवी' म्हटलं की उठायचं.

नत्थू कायमचा पोराकडे पुण्याला निघाला, तेव्हा टपरीसमोर बस येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आता तरी म्हण ना बे भैरवी."

"कायले म्हणू? मैफल संपली काय?" म्हणाला, आणि तसाच चढला.

आता टपरीवाला रोज माझ्यासमोर उभा राहतो. "काका, बाकडं आत घेऊन राहिलो. उठता काय?"

"कसा उठू गा? नियम आहे."

तेवढ्यात पुण्याहून फोन येतो. "भैरवी! जाय आता घरी," नत्थू म्हणतो, आणि मी उठतो.

तर, यातला फोन तेवढा मी घातला. भैरवी मीच म्हणतो, टपरीवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.