दोघांचा केनिया

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं टोपी घ्यायला झाशीच्या सीपरी बाजारात जावंच कशाला? सांगा ना! मोबाइलवर मागवता येते, दारात आणून देतात, शेजाऱ्यांना वाटतं चपला आल्या असतील... पण नाही! आमच्या कमलाकरला टोपी डोक्यावर घालून आरशात बघायची होती. रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली, जंगलात घालतात ती टोपी. आणि तुम्हाला सांगतो, तिथंच घात झाला. म्हणजे टोपीचा तरी काय दोष म्हणा. दोष एका शब्दाचा, जो या माणसाला जन्मात उच्चारता आला नाही. 'नाही' हा शब्द!

कमलाकर मूळचा साताऱ्याकडचा. झाशीच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला आणि इथलाच झाला. माणूस सोन्यासारखा, पण कुणी काही विचारलं की तोंडातून 'हो'च निघायचं. रविवारी माझी ड्यूटी करशील? हो. गणपतीची आरास तुमच्याकडे? हो. अहो, एकदा कारखान्यातून घरी निघाला होता, रिक्षावाल्यानं विचारलं, "बाबूजी, स्टेशन चलेंगे?" तर हा स्टेशनवर जाऊन आला! का? तर म्हणे, इतक्या आपुलकीनं विचारत होता बिचारा, आता नाही कसं म्हणायचं?

त्याची बायको अनुसूया मात्र इथलीच. ओरछा गेटजवळचं माहेर. तिचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, ते आजतागायत. त्यामुळे गावात पाऊल टाकावं तिथं तिचा कुणीतरी चुलता, मावशी, नाहीतर 'अनुसूया बिटिया, ज़रा सुनो' म्हणणारं जुनं ओळखीचं माणूस. कुणाचं बाळंतपण, अनुसूया. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अनुसूया. लग्न झाल्यापासून हे जोडपं एकट्यानं कुठं गेलेलंच नाही हो! काशीला गेले तर बरोबर सासूबाई, पचमढीला गेले तर बरोबर मावशी आणि मावशीचा दमा!

तर एक दिवस चहा पिता पिता ती म्हणाली, "अहो, मला अशा ठिकाणी जायचंय, जिथं आपल्याला ओळखणारा एकही प्राणी नसेल. बाकीचे प्राणी चालतील."

कमलाकर म्हणाला, "केनिया?"

ती म्हणाली, "केनिया. पण फक्त आपण दोघं. हो म्हणा."

आता हो म्हणणं ही तर त्याची हातखंडा कला! म्हणाला, "हो." आणि तुम्हाला सांगतो, अनुसूया अशी हसली, की त्याला वाटलं आपण आजवर म्हटलेल्या सगळ्या 'हो'चं सार्थक झालं. सीपरी बाजारात देविका नावाची एक मुलगी सहलींचं ऑफिस चालवते. तिच्याकडे जाऊन चौकशीही झाली. ते मोकळं माळरान, ते जिराफ, ती छप्पर उघडणारी गाडी... देविकानं फोटो दाखवले. अनुसूया फोटोतल्या गवताकडेच बघत बसली. नुसत्या गवताकडे!

आणि मग हा पठ्ठ्या टोपी घ्यायला गेला.

दुकानाच्या आरशात स्वतःला निरखतोय, तेवढ्यात आरशात मागे दुसरा चेहरा उगवला. भरघोस मिश्या, गंधाचा टिळा... शिवाजीराव! अनुसूयाचे थोरले बंधू! सगळ्या घराण्याचे 'दादा'! बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि दोन्ही वरच्या पट्टीत.

"अरे वा, जावईबापू! ये टोपी? कुठं, शिकारीला निघालात की काय?"

बोलायचं ना काहीतरी! म्हणायचं कारखान्यात नाटक आहे, म्हणायचं ऊन लागतं! पण कमलाकर म्हणाला, "केनियाला."

"केनिया! मतलब आफ्रिका! वा, वा! मला बोलला नाहीत? अच्छा, मुझे सरप्राइज़ देना था! कधी निघायचं?"

निघायचं! 'निघताय' नाही, 'निघायचं'! एका शब्दात माणूस गाडीत चढून बसला! आणि वर दुकानदाराला म्हणतात, "भैया, ऐसी ही एक और निकालो, बड़े साइज़ में." मोठ्या आनंदानं त्यांनी कमलाकरच्या पाठीवर थाप मारली. सख्खा मेहुणा, वयानं मोठा, भर बाजारात... आता नाही कसं म्हणायचं?

घरी आला, दादांची टोपीही ह्याच्याच पिशवीत. अनुसूयानं दोन टोप्या बघितल्या, म्हणाली, "अय्या, माझ्यासाठी पण?" आणि घालून बघितली, तर कानांच्या खाली आली. फक्त म्हणाली, "दादा?" ह्यानं मान हलवली. ती स्वयंपाकघरात गेली, आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी त्या घरात कुकरच्या शिट्ट्यांखेरीज कुणी काही बोललं नाही.

पुढचं काय सांगू? शिवाजीराव आले म्हणजे रुक्मिणीवहिनी आल्या. वहिनी गरीब गाय हो! नवऱ्यासमोर तोंडातून शब्द नाही. त्या दशम्यांचं पीठ मळायला लागल्या, केनियात खायला काय मिळतं देवाला ठाऊक म्हणून. दादा रोज संध्याकाळी कमलाकरच्या क्वार्टरवर हजर. "वो गाडी में मैं आगे बैठूँगा, मला मागं मळमळतं. सिंह सकाळी दाखवायला सांगा, दुपारी मी झोपतो. और वहाँ के लोगों से बात मैं करूँगा, तुम्ही बोलू नका जावईबापू, तुम्ही कशालाही हो म्हणता!"

बघा! म्हणजे त्यांना ठाऊक होतं!

एक दिवस तर जवळच्या बबीना छावणीतून भीमरावांना घेऊन आले. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. कशासाठी? तर सिंह समोर आला तर काय करायचं याचं ट्रेनिंग! भीमराव म्हणाले, "देखिए, एकच नियम. हिलने का नहीं. हललात की संपलात. आता मी सिंह." आणि तो धिप्पाड माणूस कमलाकरच्या बैठकीत चार पायांवर आला हो! गुरगुरतोय, सोफ्याला वळसा घालतोय! दादा भिंतीला चिकटून उभे, वहिनी डोळे मिटून रामरक्षा म्हणताहेत, आणि कमलाकर एक पाय वर घेतलेला तसाच उभा, कारण सिंह आला तेव्हा तो चहा आणायला निघाला होता!

तेवढ्यात अनुसूया बाजारातून आली. दारातच थबकली. "अहो, काय चाललंय हे?"

कमलाकर गप्प. सिंह अजून गेला नव्हता ना!

"अहो, दूध उतू जातंय!"

तरी गप्प! दादा ओठ न हलवता पुटपुटले, "हिलना मत, जावईबापू..." आता मोठा माणूस सांगतोय, नाही कसं म्हणायचं? दूध गेलं, पातेलं करपलं, वास सगळ्या कॉलनीभर. अनुसूयानं गॅस बंद केला आणि सिंहाला ओलांडून आतल्या खोलीत निघून गेली.

कमलाकरला कळत होतं हो! कळत नव्हतं असं नाही. कारखान्यात मशीनसमोर उभा राहून तो तालीम करायचा. 'दादा, एक सांगू का, आम्ही दोघंच जाणार आहोत.' किती सोपं वाक्य! मशीनला दहादा सांगितलं. मशीननं ऐकून घेतलं. पण संध्याकाळी दादा दारात उभे राहिले की या वाक्यातलं पहिलं 'दादा' तेवढं बाहेर यायचं, आणि पुढं, "...चहा घेणार?"

मग देविकानं सांगितलं, "अंकल, एक टीका लगवाना पड़ेगा, पीले बुखार का." पिवळ्या तापाची लस! त्याशिवाय जाता येत नाही, आणि ती झाशीत मिळत नाही. सगळी वरात लखनौला. दादा गाडीत सगळ्या डब्याला सांगत होते, "अफ्रीका जा रहे हैं. शेर देखने. सुई तो लगानी पड़ती है भाई, डर किस बात का!"

लस देण्याच्या खोलीत आधी बायकांना बोलावलं. अनुसूयानं बाही वर केली, झालं. वहिनींनी पदर सावरला, झालं. मग शिवाजीराव पुढं झाले. खुर्चीत बसले, मिशीवर ताव दिला, वळून सुईकडे बघितलं... आणि काय सांगू! मिश्या जागच्या जागी राहिल्या, मागचा माणूस गेला! धाड्कन् खाली! ना सिंह, ना आफ्रिका, एवढीशी सुई! दोघी नणंद-भावजयींनी उचलून बाकावर निजवलं, पाणी मारलं, कांदा कुठून मिळाला कोण जाणे, तो हुंगवला. बऱ्याच वेळानं डोळे उघडले. क्षीण आवाजात म्हणाले,

"मुझसे नहीं होगा. माझ्या शरीरानं कौल दिला. तुम्ही जा जावईबापू. मी नाही येत."

ऐकलंत? मी नाही येत! स्वतःच्या तोंडानं! अहो, दार उघडलं होतं, सताड! कमलाकरनं फक्त गप्प बसायचं होतं. बोलायचं नाही, हलायचं नाही, सुभेदारांनी एवढं शिकवलं होतं! अनुसूया त्याच्याकडे बघत होती. नजरेनं सांगत होती, आता नको, आता काही बोलू नका...

आणि हा म्हणाला, "असं कसं, दादा! तुम्ही नाही, तर मीही नाही!"

आता याच्यावर समोरच्यानं म्हणायचं असतं, 'छे छे, तुम्ही जा हो.' मग आपण म्हणायचं, 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर...' पद्धत आहे ही! रीत आहे! पण दादांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी बाकावर पडल्या पडल्याच कमलाकरला मिठी मारली. "इसे कहते हैं रिश्ता! ऐसा जमाई सात जनम में नहीं मिलता!" आणि त्या मिठीत अडकलेला कमलाकर दादांच्या खांद्यावरून बायकोकडे बघत होता. ती आपल्या दंडावरचा कापूस दाबत उभी होती.

परतीच्या गाडीत कानपूर गेलं, उरई आलं. मग अनुसूया खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुम्ही दादाला शब्द दिलात?"

"अगं, बोलण्याच्या ओघात..."

"मला राग नाही हो आला. पण मला वाटायचं, तुम्ही मला म्हणालात ते 'हो' वेगळं होतं. आज कळलं, ते त्या ढिगातलंच एक होतं."

कमलाकरला म्हणावंसं वाटलं, नाही गं, तसं नाही... पण बघा, तिथंही तो शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी अनुसूया वहिनींना घेऊन देविकाच्या ऑफिसात. "दो लेडीज़," म्हणाली. देविकानं विचारलं, "अंकल लोग?" तर म्हणाली, "अंकल लोगांची तब्येत नाजूक आहे."

ओरछा गेटच्या घरात असा गोंधळ झाला म्हणता! शिवाजीराव गरजले, "औरतें अकेली? आफ्रिका? आमच्या घराण्यात हे झालं नाही! रास्ते में कुछ हो गया तो कौन सँभालेगा?" आणि मागून बारीक आवाज आला. रुक्मिणीवहिनींचा! उभ्या जन्मात पहिल्यांदा!

"लखनौत तुम्ही पडलात, तेव्हा उचललं कुणी? वन्संनी आणि मीच ना?"

दादांनी पाणी मागितलं. ते आणायलाही कुणी उठलं नाही, शेवटी कमलाकरनं आणून दिलं.

आणि गेल्या हो दोघी! झाशी स्टेशनवर दोघं पुरुष हात हलवत उभे. अनुसूयानं डब्यातून कमलाकरला खूण करून जवळ बोलावलं, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "जेवत जा वेळेवर." बस्स. एवढंच. गाडी हलली, आणि तुम्हाला सांगतो, पन्नाशी कधीच उलटलेला तो माणूस फलाटावर गाडीबरोबर पळाला. आणि मागून दादा, "अरे जावईबापू, धीरे! मला सोडून कुठं चाललात?"

आता वहिनी नाहीत म्हटल्यावर दादांच्या जेवणाचं काय? ते बॅग घेऊनच आले होते स्टेशनवर. "मी तुमच्याकडेच राहतो. एकट्याला तुम्हाला करमणार नाही." आता... जाऊ दे, मी बोलतच नाही! कमलाकर सकाळी पोहे करतो, दादा म्हणतात मीठ कमी. रात्री खिचडी करतो, दादा म्हणतात सुबह के पोहे अच्छे थे. त्यात घोरणं असं, की शेजारच्या बाई विचारून गेल्या, पाण्याची मोटर बिघडलीय का!

एक दिवस दुपारी केनियाहून अनुसूयाचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उन्हानं रापलेला, केस वाऱ्यानं उडताहेत. अशी दिसत होती, की कमलाकरला क्षणभर तिला 'अहो' म्हणावंसं वाटलं. मागे वहिनी, डोळ्यांवर काळा चष्मा! अनुसूया हळू आवाजात म्हणाली, "अहो, इथं ना, इतकं शांत आहे... थांबा, तुम्हाला ऐकवते." आणि तिनं फोन त्या माळरानाकडे धरला. लांबवर पिवळं गवत. एक जिराफ मान वळवून बघतोय. आवाज... काही नाही. नुसता वारा. कमलाकरनं श्वास रोखला. फोन कानाशी नेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती काय मागत होती ते ऐकू यायला लागलं, तेवढ्यात,

"हॅलो! हॅलो! आवाज़ नहीं आ रही! अनुसूया! हॅलो!" दादांनी फोन हिसकावून घेतला होता. "नेटवर्क नहीं है वहाँ! ज़ोर से बोल!"

जिराफ निघून गेला.

"ऐकलंत ना?" अनुसूयानं विचारलं.

"हो," कमलाकर म्हणाला.

आणि आता तुम्ही कधी झाशीला आलात ना, तर ओरछा गेटपाशी चहाच्या टपरीवर शिवाजीराव भेटतील. सगळ्यांना सांगत असतात, "केनियात काही नाही हो. बेकार जागा. मी स्वतः ऐकलंय." आणि शेजारी आमचा कमलाकर बसलेला असतो, मान हलवत. उभी. वरून खाली.