देवीच्या वळणावरचा हॉर्न

मंडळी, आरंभालाच एक विचारतो. दुखणाऱ्या माणसाचं कण्हणं थांबलं, म्हणजे तो बरा झाला का? — बघा, लगेच माना हलल्या! पेटीवालेसुद्धा 'नाही' म्हणतायत. पण आपण वागतो कसं? ते आता ऐका.

सह्याद्रीतला एक घाट. माथ्यावर वस्ती, वस्तीच्या टोकाला एक घर. घरात माणसं दोनच — सर्जेराव आणि त्याचे वडील, आबा. आई कधीच गेलेली, सर्जेरावचं लग्न जमलं नाही. दारात एक जुना ट्रक. आबांनी उमेदीत घेतलेला. नजर अधू झाली तशी चावी मुलाकडे आली. खाली कोकणातल्या खाणीतून चिरा भरायचा — घर बांधायचा तो तांबडा दगड — आणि घाट चढून वर आणायचा.

ट्रक म्हातारा, आणि गिअरबॉक्स त्याच्याहून थकलेला! चढाला तिसरा गिअर टाकला, की रडायला लागायचा — ऊंऽऽऽ! सगळी दरी भरून जायची.

एकदा आबा गाडीत बसून खाणीवर गेले, आणि चार लोकांच्या देखत म्हणाले, "सर्जा, तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय. बॉक्स खोल. गिअर निसटायचा एक दिवस."

सर्जेराव तापला. "गाडी आता मी चालवतो, आबा! तुम्ही गप बसा!"

आणि आबा बसले की हो गप! त्या दिवसापासून घरात शब्द नाही. दोन माणसं, दोन ताटं, आणि मधे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

पण एक सांगू? संध्याकाळी आबा ओट्यावर बसून राहायचे. खालून ऊंऽऽऽ ऐकू आलं की उठायचे, चहाचं आधण ठेवायचे. ट्रक दारात यायला आणि चहा उकळायला एकच गाठ! सर्जेराव यायचा, कप उचलायचा, प्यायचा. बोलणं नाही. बापलेकांत उरलं होतं ते एवढंच, मंडळी — एक रडका गिअर आणि एक कप चहा.

इकडे खाणीवर टवाळी चालू. "सर्जेराव, गाडी हाय का पिठाची गिरणी? उद्या दळण घिऊन येऊ का?" हसताय तुम्ही! त्याला मात्र लागलं. तेवढ्यात एक शहाणा कानाला लागला, "बेअरिंग कशाला बदलतोस? तेलात लाकडाचा भुसा टाक. जुनी गाडी विकताना असंच करतात. आवाज गप!"

टाकला भुसा! आणि खरोखर — आवाज गप. रुग्णाच्या तोंडात बोळा कोंबला आणि म्हणे, ताप उतरला!

त्या संध्याकाळी आबा ओट्यावर. ऊन उतरलं, आवाज नाही. गुरं घरी आली, आवाज नाही. दरीत तर गेला नसेल पोर? विचारणार कुणाला? दार उघडं टाकलं, काठी घेतली, निघाले घाट उतरत. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण जन्मभराचा रस्ता. वळणं पायांना ठाऊक.

आणि ट्रक चढतोय — खुशाल, शांत! देवीच्या वळणावर, ऐन चढाला, तिसरा गिअर खाट्‌दिशी निसटला! भरलेला ट्रक मागे घसरायला लागला. सर्जेरावनं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला — तरी तसूतसूनं मागेच! खाली दरी. आता?

ट्रक थांबला. एक हिसका बसला आणि थांबला.

सर्जेराव उतरला, मागे धावला. बघतो तर — चाकामागे हा एवढा दगड. आणि दगडाशी वाकलेले आबा! वरून उतरताना 'खाट्' ऐकलं, आणि कडेनं धावले घसरत्या ट्रकच्या मागे — अधू डोळ्यांनी, नुसत्या कानांनी!

"आबा! चिरडला असता ना!"

आबांनी वर पाहिलं. दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. म्हणाले, "आवाज कुठं गेला रं?"

"मी दाबला, आबा."

"मग तू जिता हायस, हे मला कशानं कळायचं?"

दुसऱ्याच दिवशी बॉक्स खोलला. भुसा धुऊन काढला, बेअरिंग बदललं. आबा शेजारी बसून होते. आता गाडी खरीच शांत झाली. आणि पुन्हा तीच अडचण! आबा म्हणाले, "चहा कवा टाकू?"

सर्जेराव म्हणाला, "देवीच्या वळणावर हॉर्न वाजवीन. तवा टाका."

मंडळी, आबा जाऊन आता बरेच दिवस झाले. सर्जेराव रोज घाट चढतो. देवीचं वळण आलं की हॉर्न वाजवतो. वर चूल गार आहे, हे त्याला माहीत आहे. तरी वाजवतो. मग थोडा वेळ गाडी बाजूला घेऊन बसतो — चहा उकळायला लागेल तेवढा.

आता तुमचं सांगा. इथे देवाला किती मोठ्यानं हाका मारल्यात! घरी मात्र आल्याचा आवाज नाही, गेल्याचा नाही. कुणाला 'गप बस' म्हणून ठेवलंय, तुमचं तुम्हाला माहीत. आज घरी जाल, तेव्हा उंबऱ्याबाहेरूनच हाक मारा.

आतून ओ येतेय, तोवर मारून घ्या.