तीन गोळ्या आणि माझं जेवण

...नाही, पण मी म्हणते, माणसाला साधा श्वास घेता येऊ नये? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांचं छातीचं ऑपरेशन झालं, डाव्या फुप्फुसाचा तुकडा काढला, टाके सुकले, घरी आलो, आणि हातात काय दिलं? प्लॅस्टिकचं खेळणं! तीन नळकांडी, तीन गोळ्या, एक नळी. नळी तोंडात धरायची, श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर. आता हा माणूस सोनाराकडे तीस वर्षं फुंकणी फुंकत दागिन्यांचे सांधे जोडत, डाग देत बसलेला! नळी दिसली की फुंकणारच! गाल फुगवून फूऽऽ... गोळ्या ढिम्म. मी ओरडते, "अहो, आत ओढा, फुंकू नका!"

व्यायाम शिकवायला येते ती पोरगी साखरेसारखी बोलते, "काका, फुलाचा वास घेतोय असं समजा ना..." हे म्हणतात, "कुठंय फूल?" खोकताना उशी छातीशी दाबायची, तर हे ती डोक्याखाली घेऊन भिंतीकडे तोंड करतात. दुखतं हो, मला का कळत नाही? पण मी मऊ पडले तर हा माणूस उठेल का? आत ओढा, फुंकू नका!

शेवटी सांगून टाकलं, रोज तिन्ही गोळ्या वर गेल्याशिवाय मी जेवणार नाही! दोन दिवस नुसत्या चहावर काढले. तिसऱ्या दिवशी... टक, टक, टक! तिन्ही वर! अख्ख्या गल्लीला सांगून आले आणि पोटभर जेवले. मग रोजच तिन्ही वर.

परवा ती पोरगी आली. यंत्र बघितलं, म्हणाली, "काका, सरळ धरा." सरळ धरलं, तर एकच गोळी, तीही अर्ध्यात थरथरून खाली. "काकू, हे वाकडं धरत होते. वाकडं धरलं की गोळ्या लगेच सरकतात."

असा संताप आला! "मला फसवता? मला?"

हे दम खात खात म्हणाले, "अगं... तू दोन दिवस... उपाशी होतीस."

दारात त्या पोरीला गाठलं. "पुढं सुधारेल ना गं?" ती चपलेचा पट्टा लावत बसली, लावत बसली. "काकू, आहे तेवढं टिकलं तरी खूप."

आता काय ओरडायचं? आत ओढा, फुंकू नका... तेसुद्धा हळूच म्हणते. हे यंत्र वाकडं धरतात, मी चुलीकडे बघते. काल ह्यांना इतका दम लागला होता, वाकडं धरूनही गोळ्या काही सरकेनात. मीच म्हटलं, "अहो, अजून जरा वाकडं धरा, भूक लागलीय मला."