सहाव्या होलचा झेंडा

आदरणीय अध्यक्ष केसरीनाथजी, व्यासपीठावरील मान्यवर, अंजूरच्या आपल्या गोल्फ क्लबाचे सभासद, माता-भगिनी आणि आजचे सत्कारमूर्ती अनंतादादा, सर्वांना सेक्रेटरी या नात्याने या माधवचा नमस्कार.

बोलायची सवय आहे हो मला. आज भीती वाटतेय.

अनंतादादांनी दहा वर्षं आपलं मैदान राखलं, आज ते निवृत्त होताहेत. खेळ रेंगाळतो ही तक्रारही तेवढीच जुनी. दोष कुणाचा, खेळणाऱ्यांचा की आखणीचा? मी फळ्यावर लिहायचो, सभासदांनी जरा पाय उचलावेत. दादा म्हणायचे, "साहेब, मानसा हलू चालत न्हायत. त्यो सहावा होल त्यांना अडवून ठेवतो." सहावा होल खाडीपलीकडे. पुढचे चौघे ग्रीनवरून, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीवरून, हलेपर्यंत मागच्यांनी चेंडू मारायचा नाही, आणि जायला-यायला खाडीतला एकच सखल बांध.

पंधरवड्यापूर्वी, अवसेच्या रविवारी, दादांनी सकाळीच बजावलं होतं की बाराला उधाण आहे, दहानंतर कुणाला पलीकडे सोडू नका. मी घड्याळ दाखवलं. वेळापत्रकाप्रमाणे अकराला सगळे परत येणार होते. अहो, वेळापत्रक मीच केलेलं, त्यात थांबायला एक मिनिट धरलं नव्हतं!

साडेअकराला बांध पाण्याखाली गेला. पलीकडे बारा माणसं, त्यांत माझी बायको सुनीती. दादा दोरखंड घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि एकेकाला आणू लागले. सुनीती शेवटची. मधेच तिचा पाय घसरला. "अहो, खाली जमीन लागत नाहीये," एवढंच ती म्हणाली. मी काठावर नुसता उभा. दादांनी तिला दंडाला धरून ओढून काढलं. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

मग चौकशी झाली. अहवालात मी लिहिलं, खेळाडूंनी दिरंगाई केली. कारण मैदानाची आखणी अध्यक्षसाहेबांची, आणि माझी नोकरीही त्यांच्याच कारखान्यात. साहेब, तो अहवाल खोटा आहे.

उद्या रविवार, पौर्णिमा, म्हणजे पुन्हा बाराला उधाण. आणि उद्यापासून बांधावर दादा नाहीत.

दादा, तुमचे उपकार या शालीनं फिटणार नाहीत. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. सहाव्या होलचा झेंडा मी सकाळी उपटून आणलाय, या टेबलाखाली ठेवलाय. तो मी परत लावणार नाही.