पेंढा बंद, विटा तेवढ्याच

दवाखान्याच्या बाकावर एका आजींच्या शेजारी दोघी जावा भांडत होत्या. दोघी कपड्यांच्या एकाच कारखान्यात शिवायला होत्या. आजींनी कानावरची शाल जरा मागे सारली.

"उद्या मुकादमाची माफी माग! पाणी प्यायला वेळ मागितलास, तर त्यानं कापड आणून देणारी बाईच काढून टाकली. आता कापडासाठी पळायचं आम्हीच, आणि शर्ट तेवढेच शिवायचे!"

"ताई, कालच्या प्रार्थनेत बायबलमधलं अगदी हेच ऐकलं ना आपण? मोशे मिसरच्या राजाला, फारोला म्हणाला, गुलामीतून माझ्या लोकांना जाऊ दे. तर फारोनं विटांसाठी लागणारा पेंढाच बंद केला. पेंढा तुम्ही गोळा करा म्हणाला, विटा तेवढ्याच हव्यात."

"मला नको शिकवूस. गोष्ट पाठ आहे मला."

"मग सांगा, लोक उलटले कुणावर?"

"मोशेवर. कृतघ्न मेले! जो त्यांच्यासाठी बोलला, त्यालाच..."

"थांबलात का?"

"फार जीभ चालते तुझी. पळून पळून गुडघे माझे सुजलेत, तुझे नाही!"

"सुजवले कुणी? सकाळपासून शिव्या कुणाला घालताय, त्याला की मला?"

आतून डॉक्टरांनी हाक मारली. थोरली धाकटीच्या खांद्यावर भार देऊन उठली.

"माफीबिफी काही मागायची नाही. उद्या मुकादमाकडे मी येते तुझ्याबरोबर."

"खरंच, ताई?"

"पण बोलणार मी. तू 'साहेब, कृपा करा' म्हणालीस ना? मोशे म्हणाला होता का तसं?"